भरतीच्या आत : हातात मावणाऱ्या शिकारी खेळाच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५

चवथीचा पसारा आवरला, गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान माळ्यावर गेले, टेबल मोकळे झाले. ठरले ते असे: हातात धरून खेळायचे यंत्र आम्हीच जुळवायचे आणि त्यावरचा अजस्र जनावरांच्या शिकारीचा खेळही आम्हीच लिहायचा. चौघांनी शेजारी शेजारी बसून खेळायचा. कोड मी आणि मामेभाऊ लिहिणार, चित्रे वहिनी काढणार. मैदान म्हणून खाजन घेतले आहे, म्हणजे गोव्यातल्या दुर्भाट, आडपई, मडकई पट्ट्यातली नदीकाठची बांध घातलेली शेती. किल्ले आणि बर्फाचे डोंगर काढणारे जगात पुष्कळ आहेत.

समोर नमुना आहे तो कॅपकॉम या जपानी कंपनीचा मॉन्स्टर हंटर, त्यातही पीएसपी या सोनीच्या हातातल्या यंत्रावरचा. मूळ खेळ २००४ साली प्लेस्टेशन २ वर आला, पण लोकांच्या हाडीमाशी भिनला तो हातातल्या यंत्रावर आल्यावर. २००८ मध्ये जपानात निघालेला ‘पोर्टेबल सेकंड जी’ बाहेर पुढच्या वर्षी ‘फ्रीडम युनाइट’ नावाने आला. मामेभावाकडे तो अजून चालू आहे. पीएसपीला फिरवायची घुंडी एकच, तीही डावीकडे. कॅमेरा वळवायचे बाणही डावीकडेच. मग अंगठा घुंडीवर ठेवायचा आणि तर्जनी खेकड्यासारखी वाकवून बाण दाबायचे. तासाभराने मनगट बोलू लागते. आमच्याकडे कॅमेरा वरून आणि स्थिर.

त्या खेळातली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्यायची: जनावराच्या डोक्यावर प्राणांची पट्टी नाही. किती उरले आहे ते त्याच्या अंगावरून ओळखायचे. थकले की लंगडते. नवशिक्यांच्या वाट्याला येणारा यान कुट-कू हा मोठ्या कानांचा पक्षी मरायला टेकला की त्याचे कान मिटतात. ते कान एकदा दिसू लागले की खेळणारा पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे बघायचे विसरतो.

१४ सप्टेंबर

यंत्राचे सामान आले. ईएसपी३२ चिप, ३२० गुणिले २४० चा आयएलआय९३४१ पडदा, आठ कळा, एक १८६५० जातीचा, पुन्हा चार्ज होणारा सेल. सोल्डरिंगच्या मध्येच दोनदा वीज गेली; पावसाळ्यात हे गृहीतच धरायचे.

खरी अडचण मेमरीची. पडद्याचे एक पूर्ण चित्र १६ बिट रंगांत १,५३,६०० बाइट होते. चिपवर कागदोपत्री ५२० केबी आहे, पण वायरलेस चालू केल्यावर एवढा सलग तुकडा मिळत नाही. आणि एक चित्र पुरतही नाही, कारण एक पडद्याकडे जात असताना दुसरे रंगवायला हवे. तोड काढली ती अशी: प्रत्येक ठिपक्याला रंगाऐवजी रंगाचा क्रमांक द्यायचा, एकूण २५६ रंग. चित्र ७६,८०० बाइटवर आले. दोन चित्रे ठेवली तर बेरीज पुन्हा तीच १,५३,६००, पण दोन तुकड्यांत, आणि दोन तुकडे मिळतात. क्रमांकाचा रंग करायचे काम पाठवता पाठवता, १६ ओळींच्या पट्टीपट्टीने.

पडद्याला ४० मेगाहर्ट्झने एक चित्र पाठवायला ३०.७ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ३० चित्रे हवीत तर हातात आहेत ३३.३. बसते, पण काठावर.

वहिनीला २५६ रंग म्हटल्यावर वाटले ती कुरकुरेल. ती म्हणाली, खाजनात एवढे रंग आहेत कुठे, चिखलाचेच शंभर दे.

२८ सप्टेंबर

जनावर ठरले: मगर. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, पर्यटकांना होडीतून दाखवतातही. मगर मुळात गोड्या पाण्यातली. इथे मांडवी आणि झुआरीला जोडणाऱ्या मचूळ पाण्यात राहते. आमच्या खेळातले अर्थात होडीएवढे. नाव साधेच, मानगे, म्हणजे कोकणीत मगरच.

आठवडाभर एकाच गोष्टीवर काम चालले आहे. झेप घेण्याआधी मानगे काय करते? या प्रकारच्या खेळाचा सगळा प्राण तिथे आहे. जनावर हल्ला करण्याआधी अंगाने सांगते, आणि ज्याला ते वाचता येते तो वाचतो. आम्ही त्याला चाहूल म्हणतो. माणसाला दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे आमच्या हिशेबात ७–८ चित्रे. चाहूल तेवढीच ठेवली तर कुणीच वाचत नाही, कारण शिकारी त्या वेळी आपल्याच घावात गुंतलेला असतो. कोयता उगारला की घाव पुरा होईपर्यंत मागे घेता येत नाही. हा नियमही मॉन्स्टर हंटरचाच, आणि तो ढिला करायचा नाही असे आधीच ठरले आहे. शेवटी १८ चित्रे, सेकंदाचे सहा दशांश. त्यात मान आधी डावीकडे कलते, शेपूट विरुद्ध बाजूला जाते, मग मागचे पाय रोवले जातात. पाय रोवलेले दिसल्यावर पळणाऱ्याला उशीर होतो. मानेकडे बघणारा वाचतो.

थकवा खऱ्या मगरीकडून उसना घेतला. मगरीची ताकद झटक्याची. दोन-चार झेपांत स्नायूंत आम्ल साठते आणि ती गळून जाते. आमचे मानगे तिसऱ्या झेपेनंतर तोंड वासून पडून राहते. दुसरे असे की मगरीचा जबडा मिटायची ताकद अफाट, पण उघडायचे स्नायू कमजोर. पकडणारे दोरीने तोंड बांधतात ते त्याच जोरावर. म्हणून चार हत्यारांत एक पागेर, म्हणजे फेकायचे जाळे, ठेवला आहे. तोंड मिटलेले असताना तोंडावर जाळे पडले की काही वेळ चावा बंद. वासलेल्या तोंडावर टाकले तर जाळे फाटते.

१२ ऑक्टोबर

वेळेचा प्रश्न सुटला, आणि तो सुटल्यावर निम्मा खेळ आपोआप जागेवर बसला. म्हणून सविस्तर.

मॉन्स्टर हंटरमध्ये मोहिमेला ५० मिनिटे असतात आणि तीनदा बेशुद्ध पडलात की मोहीम संपते. ५० मिनिटे आम्हाला फार. शिवाय खाजनात वरून घड्याळ लावायची गरज काय, घड्याळ नदीत आहेच. आपल्या नद्यांना दिवसाला दोन भरत्या. एकीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत सहा तासांहून थोडे अधिक. ते आम्ही १२ मिनिटांत बसवले.

पण पाणी एका वेगाने चढत नाही. दर्यावर्दींचा जुना ठोकताळा आहे: एकूण चढाचे बारा भाग करायचे, पहिल्या तासाला एक भाग चढतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. आमच्याकडे तास दोन मिनिटांचा. पहिल्या चार मिनिटांत पाव पाणी, पुढच्या चारांत निम्मे, शेवटच्या चारांत उरलेले पाव. नुसते एवढे घातल्यावर खेळाला लय आली. सुरुवातीला बांधावरून फिरता येते, कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) पोखरलेली बिळे चिखल-पेंढ्याने बुजवता येतात. मधल्या चार मिनिटांत तारांबळ. शेवटी पाणी हळू चढते, पण तोवर उभे राहायला जागा उरलेली नसते.

आता मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार. मानशीची लाकडी दारे माणसाने उघडझाप करायची गरज नसते. बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा वर गेले की त्याच्या दाबाने दारे मिटतात. ओहोटीला आतले पाणी ढकलून उघडतात. खेळात भरतीचा चढ दोन मीटर धरला आणि पोंयीतले, म्हणजे बांधाच्या आतल्या तळीतले, पाणी तळापासून ७० सेंटीमीटरवर ठेवले. बारा भागांच्या हिशेबाने दारे मिटतात ४ मिनिटे ४८ सेकंदांना. त्याआधी मानग्याला मानशीतून नदीत हुसकता आले तर उत्तम. नंतर उरते ती वाट एकच, ज्या भगदाडातून ते आत आले ती. आणि ते भगदाडही बुजवायचे आहेच.

दारात बांबू अडकवून ती उघडी ठेवता येतात. मग खारे पाणी शेतात शिरते. कोरगूट भात खारटपणा सोसते, पण किती ते पडद्यावर दिसते: रोपे टोकाकडून पिवळी पडत जातात. मोहिमेचा मोबदला शेवटी हिरव्या रोपांवर.

मामेभावाने खेळून बघितले आणि मानग्याकडे न बघता सबंध वेळ बिळेच बुजवली. म्हणाला, हे मला आवडले. त्याची आई खाजनात राबलेली, रक्तात असावे.

२० ऑक्टोबर

आज पहाटे नरकासुराचे पुतळे जळाले. रात्रभर वहिनीला घेऊन फोंड्यात फिरलो, कामाचे म्हणून. राक्षस कसा बांधायचा हे गोव्यातल्या पोरांना शिकवावे लागत नाही. लोखंडी नाहीतर बांबूचा सांगाडा, त्यावर गवत, त्यावर कागद, वर विकतचा मुखवटा. वहिनीने वही भरली ती रंगांनी नाही, नुसत्या काळ्या छायांनी. पन्नास पावलांवरून, दिव्यांच्या उलट बाजूने, कुठला नरकासुर कुठे बघतो आहे ते कळते का? ज्याचे हात धडापासून सुटे दिसतात त्याचे कळते. ज्याला दागिन्यांनी मढवला आहे त्याचा नुसता ढिगारा दिसतो.

घरी येऊन मानग्याच्या पाठीवरचे निम्मे काटे तिने पुसून टाकले. शेपूट लांबवली, मान बारीक केली. ६४ ठिपक्यांच्या चित्रात आता मान कलताना दिसते. आधी ती आम्हालाच दिसत होती, कारण आम्हाला माहीत होते.

९ नोव्हेंबर

वादाचा दिवस. मामी चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली. मामेभावाने मानग्याला भाल्याने लोळवले होते. ती म्हणाली, “मारलास? मग बांध राखणार कोण?” आणि कप ठेवून गेली.

तिच्या दृष्टीने यात चर्चेसारखे काही नव्हते. खाजनाच्या गावांतून मानग्याची पूजा होते; ज्याला हात जोडायचे त्याला लोळवायचे कसे? मामेभाऊ म्हणतो, खेळ आहे, आणि शिकारीच्या खेळात शिकार नसेल तर लोकांनी करायचे काय. दोघांचेही खरे. पण मामीचा प्रश्न खेळाच्या दृष्टीनेही बरोबर आहे, कारण मेलेल्या जनावरावर भरतीचा काही परिणाम होत नाही. दुसऱ्याच मिनिटाला मारले की मानस, भगदाड, रोपे सगळे फुकट.

मॉन्स्टर हंटरमध्येही मारणे ही एकच वाट नाही. लंगडणारे जनावर सापळ्यात घालून, गुंगी देऊन जिवंत पकडता येते. लाओ-शान लुंग नावाचा डोंगराएवढा ड्रॅगन गढीवर चालून येतो, त्याला नुसते परतवले तरी मोहीम फत्ते. तेव्हा ठरले: मानगे मरणार नाही. परतवायचे.

मग अडले ते मोबदल्यावर. त्या खेळाचे चाकच असे की जनावर मारा, त्याची हाडे-कातडी काढा, त्यांतून पुढचे हत्यार घडवा, मोठ्या जनावरावर जा. मारायचेच नाही तर हाडे कुठून? उत्तर पुन्हा मगरीनेच दिले. मगरीचे दात जन्मभर पडत आणि नवे येत राहतात. मानगे चुकून बांधाच्या चिऱ्यावर चावले की दात निखळून चिखलात पडतो. भरती चढायच्या आत वेचला तर तुमचा. म्हणजे आता मानग्याला चिऱ्यांपाशी खेचणे हे कसब झाले, आणि अंगावर घाव घालण्यापेक्षा ते जास्त अवघड आहे.

३० नोव्हेंबर

आवाजाचे काम. चौथे हत्यार घुमट, मातीच्या घड्याला कातडे लावून केलेले वाद्य: घाव नाही, ठेका धरला की जवळच्या शिकाऱ्यांचा दम लवकर भरतो. मॉन्स्टर हंटरमध्ये हंटिंग हॉर्न आहे त्या जातीचे. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. घोरपडीला कायद्याचे संरक्षण आल्यावर बकऱ्याचे आले. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य केले तेही त्यानंतरच. तेव्हा खेळातल्या घुमटालाही कातडे मानग्याचे मिळणार नाही. मामेभावाने ते एका पायरीवर तसे घातले होते, काढून टाकले.

पेज पिण्याचा आवाज मात्र झकास झाला आहे. पेज प्यायली की जीव भरतो, पण वाटी तोंडाला असताना दोन सेकंद जागचे हलता येत नाही.

१४ डिसेंबर

चार यंत्रे पहिल्यांदा एकत्र. जागा मुद्दाम अवघड निवडली: दुर्भाट–रासई फेरीबोट. सगळे लोखंड, शेजारी मोटारसायकली, वाऱ्याने काही ऐकू येत नाही. जपानात लोक पीएसपी घेऊन आगगाडीत चौघे चौघे खेळायचे. आपल्याकडे फेरी आहे.

यंत्रे ईएसपी-नाऊने, म्हणजे चिपच्याच वायरलेस पद्धतीने, थेट एकमेकांशी बोलतात, मध्ये राउटर नको. एका निरोपात २५० बाइट मावतात. चार शिकारी प्रत्येकी ८ बाइट, मानगे २४, पाणी आणि दारे ४, साठच होतात. उरलेल्या जागेत मागच्या दोन चित्रांची माहिती पुन्हा पाठवतो, म्हणजे एखादा निरोप हवेत हरवला तरी पुढचा त्याची भरपाई करतो. मानगे एकाच यंत्रावर जगते, बाकीच्यांवर त्याचे प्रतिबिंब. शेपटीचा तडाखा बसला की नाही हे मात्र ज्याच्या हातात यंत्र त्यानेच ठरवायचे. नाहीतर माझ्या पडद्यावर मी बाजूला सरलेलो आणि तरी पडलो, असे होते. त्याइतके चिडवणारे दुसरे काही नाही.

फेरीवर चालले. इंजिनाच्या बाजूला थोडे अडखळले, खेळ तुटला नाही. मोहीम १२ मिनिटांची, पल्ला त्याहून छोटा. पलीकडच्या धक्क्यावर उतरून कठड्याला टेकून उरलेली खेळलो. तिकीटवाला विचारत होता, काय पकडताय. पुढच्या फेरीला तोच सांगत होता, मान बघ, मान.

१८ जानेवारी २०२६

पौष अमावास्या. मामीबरोबर बांधावर मानगे थापणीला गेलो. पोत्यातून आणलेला नाही, तिथलाच, पोंयीच्या काठचा चिखल. हातांनी थापत थापत मगर उभी राहिली. पाठीवर शिंपले खोचून खवले, तोंडात काटक्यांचे दात. शेपटीला एकाने बोटाने रेघा ओढल्या, एकसारख्या अंतराने, मध्ये न थांबता. मग पूजा, गाऱ्हाणे: शेतात उतरणाऱ्याला सांभाळ, बांध सांभाळ. अमावास्येचे उधाण, त्यामुळे बांधाबाहेर पाणी नेहमीपेक्षा चढलेले. गाऱ्हाण्याला हा दिवस का, ते बांधावर उभे राहिल्यावर विचारावे लागत नाही.

विधी खेळात घालायचा नाही. त्यावर आमचे तिघांचे एकमत, वाद झालाच नाही. फोटोही काढले नाहीत. पण चिखल घेतला.

परतताना वहिनी म्हणाली, मानग्याचे अंगच चिखलाचे करू. ओले असताना काळपट आणि तकतकीत. पाण्याबाहेर राहिले की वरून सुकत जाईल, राखाडी होईल, मग पाठीवर भेगा. प्राणांची पट्टी नको होती ना, ही घे.

१ फेब्रुवारी

पाठीच्या भेगा आल्या, आणि खेळ उलटा झाला. आता घाव घालून मानगे थकवायचे नाहीच. पोंय अडवायची, त्याला पाण्यापासून तोडायचे, झेपा घ्यायला लावायच्या. सुकत गेले की त्यालाच नदी हवीशी होते, आणि ते मानशीकडे वळते. फार सुकवलेत तर वाटेल तिथून बांध फोडते. म्हणजे भेगा मोजत बसायचे: पाठीवर तीन उठल्या की वाट मोकळी करायची, पाच झाल्या तर बांध गेला. कोयता आता पेंढा कापायलाच जास्त वापरला जातो, आणि निसण्यावर धार लावायची कळ तरीही काढावीशी वाटत नाही.

भेगांची चित्रे वेगळी साठवली नाहीत. रंगांच्या तक्त्यात मानग्याचे १२ क्रमांक राखून ठेवले आहेत. सुकत जाईल तसे त्या क्रमांकांचे रंग बदलतात. मेमरी जवळजवळ शून्य. क्रमांकाचे रंग केल्याचे असे चीज होईल हे सप्टेंबरात डोक्यात नव्हते.

मामीने खेळून बघितले. मानगे मानशीतून गेल्यावर यंत्र परत देत म्हणाली, दार मिटायला वेळ लावतोस, आमचे याहून चटकन मिटते. चित्रे मोजली; दाराच्या हालचालीला २० होती, १२ केली.

बाकी राहिले आहे ते: पेटी दमट हवेत फुगते, लाकूड बदलून बघायचे. कळांखाली गंज धरतो. नरकासुराचे जनावर अजून वहीतच, कारण ते सांगाड्याचे आणि त्याचे हात वेगवेगळे तुटायला हवेत. मामेभावाची मागणी आहे की त्याआधी सत्तरीच्या रानातले काहीतरी हवे. तिथे भरती नाही. मग घड्याळ कशाचे, हे त्याने आधी सांगावे आणि मग मागावे.